गावच्या घरी हिवाळी पाहुणे

नाताळच्या सुट्टीत मुलांना गावी नेणार असाल, तर एक सकाळ फक्त अंगणासाठी ठेवा. सात-साडेसातला चटई टाका आणि मुलांसोबत 20 मिनिटं गप्प बसा. मोबाइल घरात, तुमचासुद्धा! पहिली पाच मिनिटं मुलं चुळबुळ करतात, करू द्या.

पाटाच्या कडेला, उकिरड्याजवळ शेपटी सतत वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा पक्षी दिसेल. तो धोबी, कुठे त्याला परीट म्हणतात. पाठ राखी असेल तर तो पाहुणा, हिमालय आणि त्यापलीकडच्या थंड मुलखातून आलेला. पाठ काळी आणि भुवई पांढरी असेल तर तो इथलाच, बारमाही. बर्फात किडे मिळत नाहीत, म्हणून एवढासा जीव इतक्या लांब येतो. 'स्थलांतर' हा शब्द फळ्यावर दहा वेळा लिहून जे कळत नाही, ते इथे कळतं.

निबंध मात्र लिहायला लावू नका, सगळी मजा जाते. वहीत तारीख, वेळ आणि पक्षी काय करत होता, बस्स. मार्च-एप्रिलकडे हा पाहुणा दिसेनासा होतो. तो शेवटचा कधी दिसला, हे मुलांनी आजी-आजोबांना फोन करून विचारावं.