आल्यागेल्याचा पैसा आणि आपले शेत

हिंगोली शहरात रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावे अद्याप लोकांच्या तोंडी आहेत. तेथे आता घोडेस्वार नाहीत, तोफाही नाहीत. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे होती, तिची ही खूण होय. परमुलखातील शिपाई येथे आला, नोकरी संपल्यावर पुष्कळांनी येथेच घर केले, त्यावरून पेन्शनपुरा हे नाव पडले. घोड्यास कडबा व हरभरा लागे, माणसास दूध, तूप, ज्वारी लागे; आणि हा माल शेतातूनच यावयाचा. पुढे 1903 साली कंटिंजंट मोडून ती फौज हिंदुस्थानी सैन्यात मिळविली गेली व छावणी उठली. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्यात काय जोखीम आहे, हे यावरून ध्यानी यावे.

1 मे 1999 रोजी परभणीतून निराळा काढून हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा नव्या कचेऱ्यांबरोबर नवी कुटुंबे आली. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली असल्यामुळे ही वाढ आम्हांस कागदावर प्रथम दिसली, बाजारात मागाहून. राज्य राखीव पोलीस दलाचा गट हिंगोलीस आहेच. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या वेधशाळेस 1916 नव्हे, 2016 साली तत्त्वतः व 2023 साली अखेरची मंजुरी केंद्र सरकारने दिली. खर्चाचा अंदाज 2,600 कोटी रुपयांचा. (आकाशातील लहरी टिपणाऱ्यांसही भाकरी लागतेच!) पाहुण्यांविषयी तर काय सांगावे? औंढ्याच्या ज्योतिर्लिंगास वर्षभर यात्रेकरू येतात, महाशिवरात्रीस तर अलोट गर्दी होते. आणि नर्सी हे नामदेव महाराजांचे गाव मानले जात असल्याने तेथे पंजाबातूनही लोक येतात, कारण महाराजांची पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

इतके लोक येतात, तरी त्यांचा पैसा गावात किती काळ राहतो हा खरा प्रश्न आहे. समजा, एका यात्रेकरूने औंढ्यास 100 रुपये खर्चिले. फुले, नारळ, पेढे, हळद-कुंकू हे सर्व बाहेरगावाहून आले असेल, तर दुकानदाराच्या नफ्याचे 20 रुपये गावात राहतील व 80 रुपये त्याच संध्याकाळी परगावच्या ठोक व्यापाऱ्याकडे जातील. नारळ आपल्याकडे पिकत नाही, तो बाहेरूनच यावयाचा. परंतु फुले, दूध व हळद शेजारच्या शिवारातील असतील तर त्या 80 रुपयांतील पुष्कळ भाग शेतकऱ्यास मिळतो; त्यातून तो शिंप्यास देतो, लोहारास देतो, मुलाची फी भरतो. तोच रुपया तालुक्यात चार हात फिरतो.

हळदीचे उदाहरण विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद माघ-फाल्गुनात निघते, म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमारास नवी हळद घरोघरी शिजत असते. यात्रेकरूस घरी नेण्यास हलकी, टिकाऊ व देवाच्या कामाची अशी वस्तू हवी असते. असे असूनही आम्ही देवस्थानाच्या वाटेवर परप्रांतीय पुड्या विकल्या जाताना पाहिल्या आहेत, आणि आमचा शेतकरी मात्र सारी हळद पोत्यांनी मोंढ्यावर घालून मोकळा होतो. वसमतच्या हळदीस 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांचे शेत त्या क्षेत्रात मोडते त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी. त्यावाचून ते नाव पिशवीवर छापता येत नाही.

सारीच हळद पुड्यांत विकावी असे आमचे म्हणणे नाही. दहा पोत्यांतील एक पोते निराळे ठेवावे. त्यातही आम्ही स्वतः फसलो ते सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी यात्रेची घाई म्हणून हळद पुरती न वाळविता दळली; पिशवीत तिचे गोळे झाले आणि एका यात्रेकरू बाईने ती परत आणून आमच्या पुढ्यात ठेवली. ती म्हणाली, ‘देवाच्या दारी असला माल विकता?’ आम्हांस उत्तर सुचले नाही. पैसे परत केले. शिजविलेली हळद कडक उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवावी लागते. कांडी मोडली असता खणकन् आवाज आला पाहिजे, वाकता कामा नये. घाईच असेल तर यात्रेकरिता मागील सालची चांगली वाळलेली हळद राखून ठेवावी. ओल्या पाच मणांची सुकी जेमतेम एक मण भरते, हे धरूनच भाव बांधावा. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी करावी व पुडीवर वजन, भाव व तारीख स्पष्ट लिहावी.

येऊन राहणाऱ्यांची गरज निराळी. त्यास एकदा पुडी विकून भागत नाही. दूध, भाजी, तुरीची डाळ, ज्वारी ही रोजची. येथे भावापेक्षा नेमास महत्त्व आहे. सणावारी खाडा करणाऱ्या गवळ्याचे गिऱ्हाईक चौथ्या महिन्यात पिशवीच्या दुधाकडे जाते. पाच-सहा शेतकऱ्यांनी वार वाटून घेतले तर हे सहज साधते.

जमिनीविषयी एक गोष्ट नोकरीतील अनुभवावरून लिहितो. नवे लोक आले की रस्त्याकडेच्या जमिनीस भाव चढतो. एका गृहस्थाने आपली सडकेची दोन एकर विकली. तिच्या फेरफाराचा कागद आमच्या हातून गेला. पैसा लग्नात व मोटारीत गेला. आज त्याच जागी खानावळ आहे व त्याचा मुलगा तेथे पगारावर वाढपी आहे. जमीन न विकता रीतसर नोंदविलेल्या भाडेपट्ट्याने दिली असती तर सातबाऱ्यावर नाव राहिले असते आणि खानावळीस भाजीही त्याच्याच मागच्या शेतातून गेली असती. भाडेपट्टा करताना मुदत, दरसाल वाढ व बांधकामाचे शेवटी काय करावयाचे, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात, आणि सही करण्यापूर्वी तो कागद घरातील शिकलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा.