पंचांगाची तोंडओळख : राशी, नक्षत्र आणि साडेसाती



काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दहावीतल्या एका मुलाची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, ह्याला साडेसाती लागलीय. यंदा परीक्षेला बसवू नका, पुढच्या वर्षी बघू." मी म्हटले, "ताई, साडेसाती म्हणजे काय, ते आधी कागदावर मांडून बघू." त्या दिवशी अर्धा तास जे बोललो, तेच आज सर्वांसाठी लिहीत आहे.

सूर्य, चंद्र व ग्रह आकाशात ज्या पट्ट्यातून फिरताना दिसतात, त्याचे ३६० अंश धरतात. त्याचे १२ सारखे भाग केले की प्रत्येकी ३० अंशांच्या मेष ते मीन या राशी होतात. त्याच पट्ट्याचे २७ भाग केले की अश्विनी ते रेवती ही नक्षत्रे होतात. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे, त्याचे चार चरण. म्हणून एका राशीत सव्वादोन नक्षत्रे येतात. सत्तावीसच का? तर चंद्र ताऱ्यांमधून एक फेरी सुमारे २७.३ दिवसांत पुरी करतो, म्हणजे साधारण रोज एका नक्षत्रात मुक्काम. जन्मवेळी चंद्र ज्या राशीत असतो ती आपली जन्मरास, आणि त्या वेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते ते लग्न. लग्न सुमारे दोन तासांनी बदलते, म्हणून ज्योतिषी जन्मवेळ विचारतात.

नवग्रहांत सूर्य आणि चंद्रही धरलेले आहेत, पण पृथ्वी नाही. राहू-केतू तर गोलच नव्हेत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते हे दोन बिंदू. ग्रहणे त्यांच्याजवळच होतात.

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे. यातली तिथी नीट समजून घ्या. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस भरतात, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. साठत गेलेला हा फरक अधिक मासाने भरून काढतात. २०२३ साली अधिक श्रावण आला होता तो यासाठीच.

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिकडच्या पुस्तकांत जन्माष्टमी भाद्रपदात वाचली होती आणि इकडे ती श्रावण वद्य अष्टमीला! बरेच दिवस मला वाटे, कोणाची तरी चूक आहे. चूक कोणाचीच नाही. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. दिवस तोच असतो, फक्त वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. आपले कन्नड शेजारीही अमावास्येलाच महिना संपवतात, म्हणून त्यांची युगादी आणि आपला पाडवा एकाच दिवशी.

हे गणित काटेकोर करण्यासाठी आपल्याच भागातल्या एका शिक्षकाने आयुष्य वेचले. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंदला झाला, पुढे ते बागलकोटला राहिले. 'ज्योतिर्गणितम्' हा त्यांचा ग्रंथ. राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून मोजावा, हा पक्ष त्यांनी मांडला. १९११ साली त्यांनी नेपच्यूनपलीकडे सुमारे २४२ वर्षांत फेरी करणारा ग्रह असावा असे गणिताने सांगितले. १९३० साली प्लूटो सापडला, त्याची फेरी सुमारे २४८ वर्षांची. प्लूटो फारच हलका असल्याने हा जुळून आलेला योगायोग मानतात. पण शाळामास्तराने केवढी झेप घेतली ती पाहा.

आता साडेसाती. शनीला एका फेरीस सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि पुढची रास अशा तीन राशी ओलांडायला साडेसात वर्षे. नाव पडले ते यावरून. बारांपैकी तीन राशींना ती सदैव चालू असते, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सुमारे दहाजणांना. मी त्या ताईंना म्हटले, "मग मी दरवर्षी पाव वर्ग घरी बसवू का?"

ग्रहांची स्थिती हे गणित आहे, ते तपासता येते. त्यावरून सांगितलेले भविष्यही तपासता येते. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या अशा दोन गटांतील दोनशे मुलांच्या कुंडल्या घेऊन ज्योतिष्यांना पाठवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे होते. सत्तावीस ज्योतिष्यांची उत्तरे आली. सरासरी सुमारे ४६ टक्के बरोबर, नाणे उडवूनही पन्नास येतात. ही चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली.

तो मुलगा परीक्षेला बसला. गणितात काठावर, बाकी बऱ्यापैकी पास झाला. साडेसाती तेव्हाही चालूच होती.

आठवी-नववीच्या मुलांनी एक करावे. मार्गशीर्ष-पौषात संध्याकाळी पूर्वेकडे कृत्तिकांचा झुबका दिसतो, त्याखाली लालसर रोहिणी. घरच्या दिनदर्शिकेत 'रोहिणी' लिहिलेल्या रात्री कॅम्पातल्या दिव्यांपासून जरा दूर, मोकळ्या मैदानावर जाऊन चंद्र कुठे आहे ते बघा. वहीत आकृती काढून, तारीख-वेळ लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.