घडीचा कठडा

(चाकांवरच्या घरात चढण्या-उतरण्यासाठी दाराजवळ घडीचा कठडा बसवतात. तो का बसवतात, कसा बसवतात आणि त्यातून आपण काय शिकावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत काही लोकांचे बिऱ्हाड मोटारीच्या मागे असते. झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, पाण्याची टाकी, लहानसे स्नानगृह असे सारे काही चाकांच्या एका खोलीत बसवलेले असते. ही खोली मोटारीला जोडतात आणि ओढत नेतात. तिला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. वॉली बायम या अमेरिकन माणसाने १९३१ साली एअरस्ट्रीम ही ट्रेलर बनवणारी कंपनी सुरू केली. तिचे चंदेरी, गोलाकार ट्रेलर आजही प्रसिद्ध आहेत. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे शहर तर अशा फिरत्या घरांची राजधानी म्हणून ओळखले जाते.

नोकरीतून निवृत्त झालेले अनेक आजी-आजोबा अशा ट्रेलरमधून प्रवासाला निघतात. आयुष्यभर काम केले, आता देश पाहू, असे त्यांना वाटते. पण या घराला एक अडचण असते. खाली चाके असल्यामुळे ट्रेलरची जमीन रस्त्यापासून दोन ते तीन फूट उंच असते. आत जाण्यासाठी लोखंडाच्या दोन किंवा तीन अरुंद पायऱ्या असतात. तरुण माणूस एका उडीत आत जातो. सत्तर वर्षांच्या आजीचे तसे नसते.

तुम्हाला वाटेल, चढणे अवघड आणि उतरणे सोपे. खरे तर उतरणे अधिक धोक्याचे असते. चढताना माणूस पुढे झुकलेला असतो. तोल गेला, तर हात पायरीवर टेकता येतात. उतरताना समोर मोकळी जागा असते. शरीराचा सारा भार एका गुडघ्यावर येतो. त्यात पाऊस पडून पायरी ओली झालेली असेल किंवा रात्रीची वेळ असेल, तर विचारूच नका! अशा वेळी माणूस जे हाताला लागेल ते धरतो. बहुधा तो दारच धरतो. पण दार बिजागरीवर फिरते. ज्याला आपण आधार समजलो, तेच हातातून निसटते. म्हातारपणी हाड मोडले, तर महिनोन्महिने अंथरुणावर पडावे लागते. म्हणून दाराजवळ पक्का कठडा हवा.

मग कठडा घडीचा कशाला? अमेरिकेत मोठ्या रस्त्यांवर वाहनाची रुंदी साधारणपणे साडेआठ फुटांपर्यंत चालते. मोठे ट्रेलर ही सारी रुंदी व्यापतात. अशा ट्रेलरच्या बाहेर दांडा डोकावत राहिला, तर तो झाडाला, खांबाला किंवा शेजारच्या वाहनाला लागेल. म्हणून हा कठडा बिजागरीवर बसवतात. मुक्कामाच्या ठिकाणी तो पायऱ्यांच्या बाजूला उघडतात आणि खिटी लावून पक्का करतात. निघताना तो मिटवून भिंतीला टेकवतात आणि पुन्हा खिटी लावतात. खिटी लावायची राहिली, तर उघडलेला कठडा हाताखालून फिरेल. मग दार आणि कठडा यांत फरक काय राहिला?

आता हा कठडा कसा बसवतात, ते पाहू.

पहिले काम जागा ठरवण्याचे. ट्रेलरचे दार बाहेर उघडते आणि बिजागरीच्या बाजूच्या भिंतीला जाऊन टेकते. म्हणून कठडा सहसा दुसऱ्या बाजूला, म्हणजे कुलपाच्या बाजूला बसवतात. मिटवल्यावर तो खिडकीच्या किंवा दिव्याच्या आड येऊ नये, हेही पाहावे लागते. उंची मात्र नुसत्या टेपने ठरवू नये. ज्या आजीसाठी कठडा आहे, तिलाच बोलवावे. ती जमिनीवर, पायरीवर आणि उंबऱ्यावर उभी असताना तिचा हात सहज कोठे पोचतो, ते पाहून खूण करावी. अमेरिकेत इमारतींच्या जिन्याचा कठडा पायरीपासून ३४ ते ३८ इंच उंच ठेवण्याचा नियम आहे. अंदाजासाठी तो आकडा उपयोगी पडतो. दांडा मुठीत नीट मावेल एवढाच जाड असावा.

दुसरे काम भिंत ओळखण्याचे. हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे. ट्रेलरची भिंत विटांची नसते. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा असतो. आत लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट असते. मधल्या जागेत ऊन-थंडी अडवणारा हलका थर भरलेला असतो. नुसत्या पत्र्यात स्क्रू बसवला, तर तो बसलेला दिसतो, पण जोर पडताच उपसून येतो. म्हणून आतली चौकट कोठे आहे, ते शोधावे लागते. बोटाने ठोकून पाहिले, तर पोकळ जागी आवाज घुमतो आणि भरीव जागी तो दबका येतो. चौकट योग्य जागी नसेल, तर भिंतीच्या आतल्या बाजूने जाड पट्टी लावतात आणि आरपार बोल्ट घालून कठडा त्या पट्टीवर आवळतात. दाराजवळ बाहेरचा दिवा असतो. त्याची वायर भिंतीतून जाते. भोक पाडण्याआधी ती कोठून गेली आहे, याची खात्री करावी आणि विजेचा पुरवठा बंद ठेवावा.

तिसरे काम भोक पाडण्याचे आणि कठडा आवळण्याचे. लाकडात स्क्रू बसवायचा असेल, तर भोक स्क्रूपेक्षा थोडे बारीक पाडतात. म्हणजे स्क्रूचे आटे लाकडात घट्ट रुततात. स्क्रू न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. कठड्याच्या पट्टीमागे ब्युटाइल नावाच्या चिकट पदार्थाची मऊ टेप लावतात. स्क्रू आवळला की ती दबते आणि भोकाभोवतीची फट बुजते. हे केले नाही, तर पावसाचे पाणी थेंबाथेंबाने आत शिरते. बाहेरून काही दिसत नाही, पण आतले लाकूड कुजत जाते. पुढे एके दिवशी तोच कठडा स्क्रूसह हातात येतो.

चौथे काम परीक्षा घेण्याचे. ही परीक्षा आजीने द्यायची नसते! ज्याने कठडा बसवला, त्याने जमिनीवर पाय घट्ट रोवून तो आधी हळू, मग जोराने ओढून आणि दाबून पाहावा. जरासा जरी हलला, तरी काम पुन्हा करावे.

एवढी काळजी कशासाठी? थोडे गणित करू. समजा, उघडलेला दांडा भिंतीपासून ६० सेंटीमीटर पुढे आला आहे. त्याच्या टोकावर आजीने २० किलोचा भार टाकला. भिंतीवरचे वरचे आणि खालचे स्क्रू एकमेकांपासून १५ सेंटीमीटर अंतरावर आहेत. ६० ला २० ने गुणले, तर १२०० येतात. त्यांना १५ ने भागले, तर ८० येतात. म्हणजे हाताचा भार २० किलोचा असला, तरी वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर ८० किलोचा असतो! हेच अंतर ३० सेंटीमीटर ठेवले, तर जोर निम्मा, म्हणजे ४० किलो होईल. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही तरफेचा धडा शिकता. तीच तरफ येथे काम करत असते.

मित्रांनो, आपल्या घरांना चाके नाहीत. पण दादी, नानी, आजोबा आपल्याही घरी आहेत. आपल्याही दारासमोर उंच पायरी असते, जिना अरुंद असतो आणि न्हाणीघराची फरशी ओली असते. तेथे ते कशाला धरून उठतात, हे कधी पाहिले आहे का? बहुधा नळाला, दाराच्या कडीला किंवा टॉवेलच्या दांड्याला. टॉवेलचा दांडा टॉवेलचा भार पेलण्यासाठी असतो, माणसाचा नव्हे. विटांच्या भिंतीवरही वरचा प्लास्टरचा थर असतो. स्क्रू त्यातच अडकला, तर ट्रेलरच्या पत्र्यासारखीच गत होते. भोक विटेपर्यंत खोल जायला हवे आणि त्यात चांगल्या प्रतीची गिट्टी किंवा फास्टनर बसवायला हवा. हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. गल्ली अरुंद असेल, तर दाराबाहेर घडीचा कठडाही लावता येतो. काम झाले की मिटवायचा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याची वाट अडत नाही.

काही वडीलधारी माणसे आधार मागत नाहीत. आपला भार दुसऱ्यावर पडू नये, असे त्यांना वाटते. मग ती हळूहळू बाहेर पडणेच सोडून देतात. मशिदीत जाणे थांबते, शेजारी जाणे थांबते. दोन हात लांबीचा दांडा त्यांचे हे जाणे-येणे पुन्हा सुरू करू शकतो. त्यांना प्रत्येक वेळी कोणाला हाक मारावी लागत नाही. आज घरी गेल्यावर दादीला एवढेच विचारा, "दादी, पायरी उतरताना तुम्ही कशाला धरता?" आणि त्या जे दाखवतील, ते एकदा स्वतः हलवून पाहा.

शब्दार्थ

बिऱ्हाड – घरसंसार, घरबार
आधार – टेकू, सहारा
कठडा – जिन्याच्या किंवा पायरीच्या बाजूचा धरण्याचा दांडा
खिटी – दार किंवा दांडा जागच्या जागी अडकवण्याची लहान कडी
उंबरा – दाराच्या चौकटीचा खालचा भाग, दहलीज
भरीव – पोकळ नसलेले, ठोस
गिट्टी – भिंतीतील भोकात स्क्रूसाठी बसवलेला प्लॅस्टिकचा तुकडा
पेलणे – भार सहन करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एअरस्ट्रीम कंपनी कोणत्या साली सुरू झाली?
(आ) कठडा दाराच्या कोणत्या बाजूला बसवतात?
(इ) भोकाभोवतीची फट कशाने बुजवतात?

२. कारणे द्या.
(अ) उतरणे हे चढण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते.
(आ) ट्रेलरचा कठडा घडीचा असतो.
(इ) नुसत्या पत्र्यात स्क्रू बसवू नये.

३. दांडा भिंतीपासून ४५ सेंटीमीटर पुढे आहे. टोकावर २० किलोचा भार आहे. वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधील अंतर १५ सेंटीमीटर आहे. वरच्या स्क्रूंवर किती जोर येईल?

४. विरुद्धार्थी शब्द लिहा : चढणे, अरुंद, पोकळ, उघडणे, ओला.

५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा. (उदा. काळजी नव्हे, पण 'अंदाज')

६. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीला कोठे आधाराची गरज आहे, हे पाहून आठ-दहा ओळी लिहा.