दगडावरचे नाव किती वर्षे टिकेल?

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा – तुम्ही ह्यांपैकी कोणत्याही तालुक्यात राहत असा. तुमच्या गावाने युद्धात कामी आलेल्या जवानांचे स्मारक बांधायचे ठरविले, तर पहिली चर्चा कशाची होईल? स्तंभ किती उंच असावा, माथ्यावर काय बसवावे आणि उद्घाटनाला कोणाला बोलवावे, ह्यांची! पण शंभर वर्षांनी एखाद्या जवानाचा पणतू तेथे आला तर तो काय शोधील? आपल्या पणजोबांचे नाव. म्हणून आपण प्रश्न असा मांडू: हे नाव शंभर वर्षांनीही वाचता यावे, ह्यासाठी काय करावे लागेल?

उत्तराची सुरुवात नावापासून नव्हे, जमिनीखालून करावी लागते.

वाशिम जिल्ह्यात बऱ्याच भागात काळी माती आहे. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगांत तुम्ही हात घालून पाहिला असेल. ह्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखे पातळ थरांचे असतात. पाऊस पडला की पाणी थरांमध्ये शिरते आणि गठ्ठा फुगतो. ऊन तापले की पाणी जाते आणि तो आकसतो. ह्या मातीवर उथळ पाया घातला तर स्मारक दरवर्षी किंचित वर उचलले जाते आणि किंचित खाली बसते. शिवाय सगळीकडे सारखे नाही, एका कोपऱ्यात अधिक, दुसऱ्यात कमी. भिंतीला तिरपी चीर पडते ती ह्यामुळे.

हे फुगणे शाळेत मोजता येते. सुकवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलेली दहा-दहा ग्रॅम काळी माती दोन मोजपात्रांत घ्या. एकात शंभराच्या खुणेपर्यंत पाणी आणि दुसऱ्यात तितकेच रॉकेल भरा. (रॉकेल हाताळताना शिक्षक जवळ हवेत आणि जवळपास ज्योत नको.) ढवळून चोवीस तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा, रॉकेलमधील मातीचा थर १२ घनसेंटिमीटर आणि पाण्यातील २१ भरला. वाढ झाली ९, म्हणजे मूळच्या १२ च्या ७५ टक्के. आता गावाशेजारच्या मुरमाची बारीक भुकटी घेऊन हाच प्रयोग करा. जुने गवंडी ‘मुरूम लागेपर्यंत खणा’ असे का सांगतात, ते तुमचे तुम्हालाच कळेल. जेथे काळ्या मातीचा थर फार खोल असतो तेथे तळाशी घंटेसारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ह्या पद्धतीचा बराच अभ्यास केला आहे.

इथे एक गंमत आहे, आणि ती जरा कडू आहे. स्मारक शोभिवंत दिसावे म्हणून लोक त्याला लागून हिरवळ लावतात व तिला रोज पाणी देतात. पाण्याच्या बाजूची माती बारा महिने फुगलेली, दुसऱ्या बाजूची उन्हाळ्यात आकसलेली! मग स्तंभ कलतो. म्हणून जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करावी आणि झाडे व हिरवळ लांब ठेवावी.

आता दगड निवडू. पुष्कळांची पहिली पसंती संगमरवराला असते. संगमरवराचा एखादा टाकाऊ तुकडा आणून त्यावर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येतील. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने ते विरघळते. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल तयार होते, तेव्हा हाच प्रयोग निसर्ग दर पावसाळ्यात अगदी सावकाश करीत असतो. त्यात उन्हाची भर. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिच्याशी काटकोनातील दिशेने किंचित आकुंचन पावतो. असे रोज झाले की कण एकमेकांपासून सुटू लागतात आणि पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो. आधी अक्षरांच्या कडा जातात, मग अक्षरे. घराच्या आत संगमरवर उत्तम. विदर्भाच्या उघड्या उन्हापावसात मी तरी तो नावांसाठी निवडणार नाही.

आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. त्यातला सच्छिद्र, पांढऱ्या खड्यांनी भरलेला दगड टाळून घट्ट दगड घेतला तर तो फार टिकतो. महाराष्ट्रातले वीरगळ पाहा. लढताना पडलेल्या वीरांची ही जुनी स्मारके. त्यांतील अनेक ह्याच दगडाची आहेत आणि कित्येक शतके उघड्यावर उभी आहेत. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य हे सारे अजून ओळखता येते. मात्र बहुतेकांवर नाव नाही. दगड टिकला, वीर कोण ते गेले!

बेसाल्टवर कोरलेले अक्षर उठून दिसत नाही, ही त्याची अडचण. म्हणून हल्ली झिलई केलेला ‘काळा ग्रॅनाइट’ वापरतात. त्यावर कोरलेला भाग फिकट दिसतो. (हा पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसाल्टचाच सावकाश थंड झालेला भाऊ असतो.) शिळा लोखंडी खिळ्यांनी मात्र बसवू नये. लोखंड गंजले की गंजाला मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा लागते आणि शिळा आतून फुटते. गंजरोधक पोलाद वापरावे.

खोल कोरलेले अक्षर रंग उडाला तरी सावलीने वाचता येते, पण त्यासाठी ऊन तिरपे पडले पाहिजे. वाशिम सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत उत्तरेकडे तोंड केलेल्या भिंतीवर ऊन थेट पडतच नाही. तेव्हा नावे पूर्वेला किंवा पश्चिमेला असावीत.

नाव लिहायचेच, हेही पूर्वी गृहीत नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्रातील काही गावांत शिळा बसविल्या गेल्या. ह्या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांतले इतके परतले नाहीत, एवढेच त्यांवर आहे. त्याच युद्धात, १९१७ साली, ब्रिटिश साम्राज्यातील मृत सैनिकांसाठी एक आयोग स्थापन झाला. त्याच्या नमुन्याची शिळा सुमारे ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद असते. सेनापती असो वा शिपाई, आकार एकच. माथा किंचित गोलाई दिलेला असतो, त्यामुळे पाणी वर साचत नाही. पुण्याजवळ खडकीला ह्या आयोगाची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील १६६८ जणांना तेथे पुरले आहे. तेथेच पहिल्या महायुद्धातील १८०० हून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर आहेत. ह्यांची थडगी भारत-पाकिस्तानातील दूरदूरच्या दफनभूमींत होती आणि तेथे त्यांची नीट निगा राखणे शक्य राहिले नाही. मुंबईच्या शिवडीतील ६२९ जणांचे अवशेष तर १९६२ साली खडकीला आणले गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथे पंचवीस हजारांहून अधिक नावे ग्रॅनाइटवर आहेत, प्रत्येक जवानाची पट्टी वेगळी. एखादी पट्टी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

राहिली निगा. वर्षातून एकदा साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. फरशी धुण्याचे आम्ल, तारेचा ब्रश आणि ऑइलपेंट ह्यांना स्मारकाजवळ फिरकू देऊ नका. राष्ट्रीय सणाच्या आदल्या दिवशी उत्साहाने फासलेला रंग अक्षरांच्या खाचा बुजवतो. पक्ष्यांची विष्ठा लवकर धुवावी. फटीतले पिंपळाचे रोप दोन पानांचे असतानाच काढावे. पुढे त्याच्या मुळ्यांसाठी दगड उचकटावा लागतो.

तुमच्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी कोणतेही जुने स्मारक असेल तर एका संध्याकाळी विजेरी घेऊन तेथे जा. विजेरी समोर न धरता भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. दिवसा न दिसणारी अक्षरे सावलीने उठून दिसतील. दिसेल ते नाव ऱ्हस्व-दीर्घासह वहीत उतरवा, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या आणि पानावर तारीख घाला. वहीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवा.