विहिरीवरचे इंजिन तापते तेव्हा

तिगाव, पांढुर्णा व सौंसर या आपल्या पट्ट्यात संत्र्याचा बगीचा हा अनेक घरांचा आधार आहे आणि बगीच्याचा प्राण विहिरीत आहे. आंबिया बहाराला जानेवारीत पाणी सुरू केले की पुढे मे महिन्याच्या उन्हात ओलितात खंड पडून चालत नाही. पाणी तुटले की लहान फळांचा सडा झाडाखाली पडतो. विजेच्या मोटारी आल्या, तरी वीज नसेल तेव्हा पुष्कळांची भिस्त डिझेल इंजिनावरच असते. असे इंजिन तापू लागल्यास काय पाहावे व कोणत्या क्रमाने पाहावे, हे सभासद बंधुभगिनींसाठी येथे थोडक्यात देत आहे.

प्रथम इंजिन थंड कसे राहते ते समजून घेऊ. जळलेल्या तेलातील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच कामी येतो. बाकीची उष्णता काही धुराबरोबर जाते व काही सिलिंडरभोवतीच्या पाण्याने वाहून न्यावी लागते. विहिरीवरील पुष्कळ इंजिनांत हे पाणी पंपाच्या निकासी नळातून एका बारीक नळीने घेतात. ते इंजिनाच्या पोटातून फिरून गरम होते व बाहेर पाटात पडते. कोकणातील मच्छीमार होड्यांच्या इंजिनांतही हेच तत्त्व आहे. तेथे थंडावा समुद्राच्या पाण्याचा असतो आणि जाळीत कचरा अडकला की तेथेही इंजिन तापते. तात्पर्य, इंजिन तापले की आधी पाण्याची वाट तपासावी, नंतर यंत्राला हात लावावा.

इंजिन तापलेले दिसताच पाणी येणे थांबले असल्यास ते लगेच बंद करावे. मात्र तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या पोटात थंड पाणी कधीही ओतू नये. ओतीव लोखंड एकाएकी आकसून हेडला किंवा सिलिंडरला तडा जातो आणि चार आण्यांच्या दोषापायी सारे इंजिन खोलण्याची पाळी येते. ते आपोआप निवू द्यावे. टाकीचे किंवा रेडिएटरचे झाकणही गरम असताना उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने हात-तोंड भाजते.

इंजिन निवल्यावर पुढील क्रमाने पाहावे.

पहिले, पंप पाणी देतो काय? उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते. पंप व पाणी यांतील उभे अंतर ६ ते ७ मीटरपेक्षा अधिक झाले की साधा पंप पाणी ओढण्यास कुचरतो. तसे असल्यास पंप खाली घ्यावा. फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा, गाळ आहे काय, ओढीच्या नळाच्या सांध्यांतून हवा शिरते काय, हेही पाहावे.

दुसरे, पंप चांगले पाणी देतो, पण इंजिनातून थेंबथेंब व कढत पाणी पडते, तर अडथळा बारीक नळीत किंवा तिच्या तोटीत आहे असे समजावे. नळी दोन्ही टोकांना सोडवून रेती, शेवाळ काढावे व फुंकून पाहावी.

तिसरे, पाणी भरपूर व कोमट पडते, तरी इंजिन तापते. येथे पाण्याला दोष देऊ नये. आपल्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुना आतल्या भिंतींवर खपलीसारखा बसतो. मग पाणी वाहते, पण भिंतीची उष्णता त्याला मिळत नाही. ही खपली जाणत्या मिस्त्रीकडून काढवून घ्यावी, कारण त्यासाठी लागणारे अम्ल धातूलाही खाते.

चौथे, वंगणाची पातळी, पट्ट्याचा ताण व पंपाची ग्लँड पाहावी. पट्टा किंवा ग्लँड फाजील कसलेली असल्यास इंजिनावर नाहक भार येतो. काळा धूर निघत असेल तर भार जास्त आहे, हवेची जाळी तुंबली आहे किंवा नोझल बिघडले आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यात सतत बुडबुडे दिसल्यास हेडचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. नोझल व गॅस्केट ही कामे मिस्त्रीचीच.

येथे एक साधी सवय सुचवावीशी वाटते. इंजिन निरोगी असताना त्यातून पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरावी, ती किती सेकंदांत भरते ते मोजावे व तो आकडा इंजिनघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. दर पंधरवड्यास पुन्हा मोजावे. वेळ वाढू लागली की इंजिन तापण्याच्या आधीच वाट तुंबत असल्याचे कळते. पाण्याला हात लावून पाहावा. ते ऊन असावे, पण सोसवेल इतके. ६० अंशांचे पाणी हाताला सोसत नाही. उलट, अगदी गार पाणी पडत असेल तर तेही चांगले नव्हे. फार थंड चालणाऱ्या इंजिनाचे सिलिंडर लवकर झिजते.

ही पाहणी घरातील कोणासही करता येण्याजोगी आहे. मुलांना व सुनांनाही ती शिकवावी. मालक बाजाराला गेले असता इंजिन तापले तर ते वेळीच बंद करणारा हात घरात असला पाहिजे. शेजाऱ्याचे इंजिन बंद पडल्यास आपल्या विहिरीचे दोन पाळ्या पाणी त्याच्या बगीच्यास द्यावे. दुरुस्तीस चार दिवस लागतात, परंतु गळालेले फळ पुन्हा झाडाला लागत नाही.