परसातील पक्षी : निरीक्षणाचा एक पाठ
(इयत्ता तिसरी ते पाचवी, परिसर अभ्यास)

चिमणी जमिनीवर चालते की उड्या मारते? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. ज्यांच्या अंगणात चिमण्या रोज दाणे टिपतात, त्या मुलांतही दोन तट पडतात. कित्येक वेळा शिक्षकांसही खात्रीने उत्तर देता येत नाही. चिमणी दोन्ही पाय एकदम उचलून टुणटुण उड्या मारते. साळुंकी मात्र एकामागून एक पाऊल टाकीत चालते. दोन्ही पक्षी मुलांच्या नित्य परिचयाचे असूनही हा भेद त्यांच्या ध्यानी आलेला नसतो. नजरेस पडणे वेगळे आणि निरीक्षण करणे वेगळे, हे मुलांस उपदेशाने सांगण्यापेक्षा या एका प्रश्नाने अधिक चांगले पटते. प्रस्तुत पाठाचा आरंभ येथूनच करावा.

पाठाचा उद्देश

पक्ष्यांची नावे पाठ करून घेणे हा या पाठाचा उद्देश नव्हे. आपण प्रत्यक्ष काय पाहिले आणि त्यावरून काय मानले, या दोहोंतील अंतर मुलास कळावे व पाहिलेले नेमक्या शब्दांत मांडण्याची सवय त्यास लागावी, हा मुख्य हेतू होय. यासाठी उपकरणे लागत नाहीत. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास काही अडत नाही. शाळेचे आवार, घराचे परस, पाणवठा व त्याभोवतीची चार झाडे एवढे साहित्य प्रत्येक गावी उपलब्ध असते.

पूर्वतयारी

आवाराच्या एका शांत कोपऱ्यात मातीचे पसरट परळ ठेवावे. त्यात दोन बोटे पाणी असावे. खोल पाण्यात लहान पक्षी उतरत नाहीत. मांजरास दबा धरावयास सापडेल अशा झुडपालगत ते ठेवू नये. पाणी रोज बदलावे व परळ राखेने घासून घ्यावे, म्हणजे डासांची पैदास होणार नाही. जवळच मूठभर ज्वारी वा बाजरी टाकावी. खारट किंवा तळलेले पदार्थ टाकू नयेत. हे काम मुलांच्या गटांकडे पाळीपाळीने सोपवावे.

चार-पाच दिवसांत पक्षी त्या जागेस सरावतात. त्यानंतरच निरीक्षणास प्रारंभ करावा. एका वेळी पाच-सहा मुलांचा एकच गट नेऊन पंधरा-वीस पावलांवर स्वस्थ बसवावा. सकाळची वेळ सर्वांत अनुकूल होय. पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लहान मुलांस बसवून ठेवू नये.

निरीक्षणाचे प्रश्न

‘पक्षी पाहा’ एवढेच सांगितल्यास मुले थोड्याच वेळात कंटाळतात. प्रत्येक गटास एकच निश्चित प्रश्न द्यावा. पाण्याच्या परळापाशी पुढील प्रश्न उपयुक्त ठरतो : पक्षी पाणी कसे पितो? चिमणी वा साळुंकी चोचीत पाणी घेते, मान वर करते व मग ते गिळते. होला किंवा पारवा मात्र चोच पाण्यात बुडवून ठेवतो व मान वर न करता पाणी ओढून घेतो. हे उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. मुलांनी ते स्वतः शोधून आणले म्हणजे त्यांस होणारा आनंद पुढील अनेक पाठांस उपयोगी पडतो.

याच प्रकारे इतर प्रश्न द्यावेत. चिमण्यांतील नर व मादी कशी ओळखावी? (नराच्या गळ्यावर काळा डाग असतो; मादीस तो नसतो.) चिमणी धुळीत का लोळते, हे विचारण्यापूर्वी ती धुळीत लोळते कशी, हे पाहून यावे. सातभाई एकटा दिसतो की थव्याने? त्यांच्यापैकी एकाने ओरड केली असता बाकीचे काय करतात? गुराच्या पाठीवर बसलेला कोतवाल मधूनच झेप घेऊन कोठे जातो व चोचीत काय घेऊन येतो?

नोंद कशी करावी

नोंदवहीत दिनांक, वेळ, हवा, पक्ष्याचे नाव व त्याची कृती असे पाच रकाने आखावेत. पक्ष्याचे नाव ठाऊक नसल्यास निरीक्षण थांबवू नये. ‘चिमणीएवढा’, ‘साळुंकीएवढा’ किंवा ‘कावळ्याएवढा’ असे माप लिहून रंग, चोच व शेपटी यांचे वर्णन करावे. गावात रूढ असलेले नाव अवश्य लिहावे; त्यास अशुद्ध म्हणून खोडू नये. ग्रंथातील नाव पुढे सावकाश सापडते.

कृतीचा रकाना भरताना विशेष लक्ष पुरवावे. ‘साळुंकी रागावली’ असे मूल लिहील. त्यास विचारावे, “राग तुला दिसला का? मग काय दिसले?” थोडा विचार केल्यावर तेच मूल लिहील : ‘साळुंकीने पिसे फुलविली, मान खालीवर केली व मोठ्याने आवाज केला.’ हे खरे निरीक्षण होय. राग हा त्यावरून काढलेला तर्क. तर्क करू नये असे नव्हे. परंतु तो ‘मला वाटते’ अशा शब्दांनी खाली वेगळा लिहावा. इतकी शिस्त लागली तरी या पाठाचे निम्मे काम झाले असे समजावे.

ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पुरावा

आपल्या भाषेतील दोन परिचित पक्षी या दृष्टीने फार उद्‌बोधक आहेत. ‘कोकिळा गाते’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः उन्हाळ्यात कुहूकुहू अशी साद घालणारा पक्षी नर असतो. तो काळा कुळकुळीत असून त्याचे डोळे लाल असतात. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात व तिचा आवाज ‘किक् किक्’ असा तुटक असतो. ती स्वतः घरटे बांधीत नाही. बहुधा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. कावळा आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या पिलास भरवीत असल्याचे दृश्य अशा वेळी परसातही पाहावयास मिळते.

दुसरे उदाहरण सुगरणीचे. नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. विणीच्या हंगामात त्याचा माथा पिवळाधमक होतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीस किंवा शिंदीस तो गवताच्या व पात्यांच्या लांब चिरफळ्या आणून खोपा विणतो. खोपा अर्धा झाला म्हणजे माद्या येऊन तो पाहतात. मादीने पसंत केल्यास नर तो पूर्ण करतो व पुढे दुसरा खोपा विणावयास घेतो. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनी १९३० च्या सुमारास हल्लीच्या रायगड जिल्ह्यातील किहीम या गावी राहून सुगरणीच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले व हा क्रम उजेडात आणला. हे घरटे आपल्या लोकांनी पिढ्यानुपिढ्या पाहिले होते. परंतु कोणता पक्षी केव्हा काय करतो याची सलग नोंद ठेवल्यावाचून हा उलगडा झाला नाही. कवितेतील व म्हणीतील पक्षी यामुळे उणे ठरत नाहीत. भाषेच्या तासास त्यांचा आस्वाद घ्यावा व परिसर अभ्यासाच्या तासास पुरावा मागावा. दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

ऋतुमानाप्रमाणे योजना

शाळा उघडल्यापासून पावसाळाभर सुगरण व शिंपी यांकडे लक्ष द्यावे. शिंपी पक्षी पानाच्या कडांस भोके पाडून कापसाने वा तंतूंनी त्या कशा शिवतो, हे दुरूनच दाखवावे. हिवाळ्यात शेपटी सतत खालीवर करणारा धोबी पक्षी पाणवठ्याशी येतो. तो प्रथम कोणत्या दिवशी दिसला ते टिपून ठेवावे. उन्हाळा लागताच कोकिळाची पहिली साद व दयाळाचे पहाटेचे गाणे यांचे दिनांक लिहावेत. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर असल्याने हे दिवस निवडले आहेत. त्या सुमारास शाळेस सुटी असल्यास मुलांस घरच्या परसातील नोंदी करावयास सांगाव्या.

पाळावयाची पथ्ये

घरट्यास हात लावू नये, अंडी उचलू नयेत, पाहण्यासाठी फांदी वाकवू नये. माणसांचा वावर वाढल्यास पक्षी घरटे सोडून जाण्याचा संभव असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांस उपद्रव देण्यासही बंदी केली आहे. तथापि कायद्याचा धाक दाखवून मुलाच्या हातातील बेचकी काढून घेण्यापेक्षा त्या हातात नोंदवही द्यावी. ज्याचा नेम चांगला, त्याची नजरही तीक्ष्ण असते.

पाखरे पिकाचे नुकसान करतात, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. ती मुलांसमोर नाकारू नये. मात्र तीच दाणे खाणारी चिमणी आपल्या पिलांस अळ्या व किडे भरविते, हेही मुलांस पाहू द्यावे. सुगीच्या दिवसांत पाखरे राखावयास जाणारे मूल वर्गात मागे पडलेले असते. कोणते पाखरू कोणत्या वेळी कोठून येते व कशास भिते, याची माहिती वर्गात त्याच्याइतकी कोणासच नसते. या तासास त्यास प्रथम बोलते करावे. आपल्या ठायी असलेले ज्ञान शाळेस हवे आहे, असे ज्या मुलास एकदा कळते, त्याचे पाऊल शाळेकडे अधिक ओढीने वळते.

नोंदवहीचे जतन

वर्ष संपताच ही वही रद्दीत जाऊ देऊ नये. तीवर शाळेचे नाव व वर्ष घालून ती दप्तरात ठेवावी आणि शिक्षकांची बदली झाल्यास कार्यभारासोबत पुढील शिक्षकांच्या स्वाधीन करावी. गावातील चिमण्या कमी झाल्या की नाहीत, धोबी पूर्वीच्याच सुमारास येतो की उशिरा, अशा प्रश्नांस आठवणींवरून दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. दहा वर्षांच्या दहा वह्या शाळेत असतील, तर मुले त्या उघडून स्वतः पडताळा घेतील.