पिंजरा नको, प्राणी मोजा!

प्राणिसंग्रहालयातला प्राणी सुखी आहे का, हे मोजायचं कसं? आपण इंजिनिअर मंडळी लगेच टेप काढून पिंजरा मोजू! पण मित्रांनो, ते झालं इनपुट. आउटपुट प्राण्यातच दिसतं: येरझारा किती, पिल्लं जगतात का, विष्ठेत ताणाच्या संप्रेरकाचे अंश किती. (संप्रेरक फसवं बरं का, मिलनकाळातही वाढतं! म्हणून त्याच प्राण्याच्या रोजच्या नोंदी हव्यात.)

२००३ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लब आणि मेसन यांनी 'नेचर'मध्ये मांसाहारी प्राण्यांची तुलना मांडली. निसर्गात ज्यांची भटकंती मोठी, त्यांच्या कैदेत येरझारा जास्त आणि पिल्लांचे मृत्यूही जास्त. ध्रुवीय अस्वलाचा पिंजरा तर त्याच्या किमान नैसर्गिक क्षेत्राचा सुमारे १० लाखावा भाग! तो दुप्पट करून काय होणार? माझ्या मते हे अस्वल ठेवूच नये.